गावठाणाची रेषा : रायगड जिल्ह्याच्या निवासनियोजनाची प्रस्तावना

जुन्या मराठी दप्तरांत गावच्या जमिनीचे दोन भाग सांगितलेले आढळतात: जी पिकते ती काळी आणि जिच्यावर माणसे राहतात ती पांढरी. इंग्रजी अमदानीत पैमाश झाली तेव्हा या जुन्या वाटणीला साखळी लागली. शेतांना सर्व्हे नंबर मिळाले, त्यांवर आकार बसला, आणि जिच्यावर सारा बसवायचा नव्हता त्या पांढरीभोवती एक रेषा ओढून तिच्या आतल्या जागेला गावठाण हे नाव कायम झाले. त्या रेषेच्या आत कोणाचे घर कोठे आहे, अंगण कोणाचे आणि बोळ कोणाचा, याची मोजणी करण्याचे सरकारला प्रयोजन नव्हते, म्हणून ती बहुतेक गावी झालीच नाही. आणि त्या घरांत राहणाऱ्यांची नातवंडे-पणतवंडे पुढे कोठे राहतील हा प्रश्न तर सारा ठरवण्यासाठी आलेल्या मोजणीदाराच्या कक्षेतच येत नव्हता. त्याला दोष देता येणार नाही. परंतु त्याच्यामागून कितीतरी पिढ्या होऊन गेल्या, राज्य बदलले, खोती गेली, कुळे मालक झाली, एका घराची चार घरे झाली, आणि तरीही कितीतरी गावांची ती रेषा होती तेथेच राहिली, हे मात्र आपल्या खाती मांडले गेले पाहिजे.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा त्या रेषेचा विषय आहे. एखाद्या ग्रामीण जिल्ह्यात पुढच्या वीस-तीस वर्षांत किती माणसे राहतील, ती कोठे राहतील, त्यांना घरे कोणत्या जमिनीवर मिळतील आणि पाणी कोणत्या धरणातून, याचा आगाऊ विचार करणे याला शासकीय परिभाषेत प्रादेशिक योजना म्हणतात. विचारासाठी मी रायगड जिल्हा निवडला आहे. 7,152 चौरस किलोमीटरांचा हा मुलूख, 1981 पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाणारा, एका बाजूला मुंबईच्या बंदराला आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीच्या कड्याला टेकलेला आहे. त्याच्या पंधरा तालुक्यांत महानगरपालिका आहे, माथेरानसारखे गिरिस्थान आहे, खारेपाट आहे, मिठागरे आहेत, सुपारीच्या वाड्या आहेत, आणि पावसाळ्यात वाट तुटणारे डोंगरावरचे पाडेही आहेत. देशातल्या ग्रामीण जिल्ह्यांपुढे जे प्रश्न एकेक करून उभे राहतात, ते येथे एकाच वेळी उभे आहेत.

प्रथम माणसांच्या संख्येकडे पाहू. 2001 च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या 22,07,929 होती. 2011 मध्ये ती 26,34,200 झाली, म्हणजे दहा वर्षांत शेकडा एकोणीसहून थोडी अधिक वाढ. एवढे दोन आकडे हाती आले की त्रैराशिक मांडण्याचा मोह कोणालाही होतो. हाच वेग पुढे धरला तर 2041 साली जिल्ह्यात पावणेपंचेचाळीस लाखांच्या जवळपास माणसे राहतील असे उत्तर निघते. त्याला कुटुंबाच्या सरासरी आकाराने भागले की घरांची संख्या मिळते, घरांना एकरांत बसवले की जमिनीची गरज मिळते, आणि नकाशावर पिवळा रंग कोठवर पसरायचा ते ठरून जाते. हिशेब चुकलेला नसतो, तरीही त्यावर उभी राहणारी योजना बहुधा चुकते. कारण या वाढीला जिल्हाभर सारखा पसरण्याचा स्वभाव नाही. 2011 मध्ये एकट्या पनवेल तालुक्यात साडेसात लाख माणसे होती, म्हणजे पंधरा तालुक्यांपैकी एका तालुक्यात जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. आणि त्याच वर्षी घाटाच्या पायथ्याचा पोलादपूर तालुका अर्ध्या लाखाच्याही आत होता. दक्षिणेकडच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या त्या दशकात वाढण्याऐवजी प्रत्यक्ष घटली होती. रायगड या दोन प्रवाहांच्या मधोमध आहे: उत्तरेकडून मुंबई आत येते आहे आणि दक्षिणेकडून कोकण बाहेर जाते आहे. जिल्ह्याची सरासरी काढली की ही दोन्ही सत्ये एकमेकांना पुसून टाकतात.

दुसरी अडचण याहून मूलगामी आहे. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने महाराष्ट्राचा एकूण जननदर दर स्त्रीमागे 1.7 इतका नोंदवला. लोकसंख्या आहे तेवढी टिकण्यास तो 2.1 च्या आसपास असावा लागतो. तेव्हा रायगडात यापुढे जी वाढ होणार तिचा मोठा भाग पाळण्यातून न येता रस्त्याने, रेल्वेने आणि आता समुद्रावरच्या पुलाने येणार आहे, आणि जी घट होणार तीही स्मशानापेक्षा एसटीच्या थांब्यावरूनच अधिक होणार आहे. जन्ममृत्यूंचे अनुमान काही अंशी विश्वासाने करता येते. स्थलांतराचे अनुमान म्हणजे कारखाना, बंदर, विमानतळ आणि जमिनीचा भाव यांचे अनुमान, आणि त्या गोष्टी निसर्गाच्या हातात नसून सरकारच्या आणि भांडवलाच्या हातात आहेत. त्यातून आपण गणनाच चुकवली. 2021 ची जनगणना झाली नाही. ती आता 2027 साली ठरली आहे. म्हणजे ज्या दीड दशकात या जिल्ह्याचा उत्तर भाग ओळखू येणार नाही इतका बदलला, त्या दीड दशकाची मोजदादच आपल्यापाशी नाही, आणि योजनांचे मसुदे मात्र 2011 च्या आकड्यांवर रचले जात आहेत.

माणसे वाढली नाहीत तरी घरे वाढावी लागतात, हेही सामान्यतः लक्षात घेतले जात नाही. एका घरात पाच माणसे राहत असतील तर लाख माणसांना वीस हजार घरे पुरतात. तीच चार-चार राहू लागली की पंचवीस हजार लागतात, आणि या अवधीत गावात एकही माणूस नव्याने आलेला नसतो. भावाभावांत वाटण्या होतात, सून वेगळी चूल मागते, मुलगा लग्न झाल्यावर ओटीवर निजण्यास तयार नसतो. यात कोणाचा दोष नाही, काळाचा तो स्वाभाविक धर्म आहे. पण गावठाण जर इंचभरही वाढले नसेल तर ती वेगळी चूल मांडायची कोठे?

उत्तर तालुक्यातालुक्यागणिक वेगळे मिळते. दक्षिणेकडे, महाड-पोलादपूर-म्हसळ्याच्या कोंडांत, घरांना कुलपे आहेत. धनी मुंबई-ठाण्याला असतो, गणपतीला आणि शिमग्याला दार उघडते, पाच-सात दिवस दिवा लागतो आणि पुन्हा कडी पडते. ते घर पाडायचे नसते, भाड्याने द्यायचे नसते, विकायचे तर नसतेच. अलिबाग, मुरूड आणि कर्जतकडे दुसऱ्या जातीची रिकामी घरे उभी राहिली आहेत: शहरातल्या सधन माणसांची शेतघरे आणि बंगले, ज्यांत आठवड्याकाठी दोन रात्री कोणी राहिले तर राहिले. जनगणनेच्या कोष्टकात ही दोन्ही ‘रिकामी घरे’ या एकाच सदरात पडतात; 2011 मध्ये सबंध देशात अशी सुमारे 2 कोटी 46 लाख घरे नोंदली गेली. परंतु एक घर माणूस परत येईल या आशेने राखलेले आहे आणि दुसरे जमिनीचा भाव चढेल या आशेने बांधलेले आहे, आणि नियोजन करणाऱ्याने यांतला भेद ओळखला नाही तर तो विहिरीचे पाणी कोणाला द्यायचे हेही ठरवू शकणार नाही.

आणि याच जिल्ह्यात घराला जागाच नसलेली माणसे आहेत. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या खासगी जमिनीवर किंवा वनखात्याच्या हद्दीत आहेत. त्यांचे पूर्वज तेथे राहिले, तेथेच कोळसा पाडला, मालकाचे शेत राखले, पण पायाखालची जमीन कधी त्यांच्या नावावर चढली नाही. घरकुलाच्या योजना आहेत आणि त्या आवश्यकही आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेने किमान 25 चौरस मीटरांचे पक्के घर देऊ केले, शबरी आणि रमाई या योजना त्यांच्या जोडीला आहेत. पण घर बांधण्याचे अनुदान मिळण्यापूर्वी ज्या जमिनीवर ते बांधायचे तिचा कागद दाखवावा लागतो, आणि ज्याला घराची सर्वांत अधिक निकड आहे त्याच्याजवळच तो कागद नसतो. जागा खरेदीसाठी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्याची योजना काढावी लागली ती याच कारणाने. मात्र ज्या तालुक्यात जमिनीचा भाव गुंठ्यावर लाखांनी बोलला जातो तेथे त्या साहाय्यात किती जागा मिळेल, याचा हिशेब ज्याने त्याने करून पाहावा. डिसेंबरात वीटभट्टीवर गेलेले कुटुंब पावसाच्या तोंडाशी परतते तेव्हा त्याची झोपडी उभी असेलच याची खात्री नसते. लोकसंख्येच्या अनुमानात हे कुटुंब कोणत्या गावचे धरायचे, या प्रश्नावर मी पुष्कळ वेळ थांबलो आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर एवढेच की ते जेथे परत येते तेथले.

आता ज्या प्रकरणाने या जिल्ह्याला नियोजन हा शब्द शिकवला त्याकडे वळतो. 1965 साली ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईची वाढ खाडीपलीकडच्या भूमीवर वळवण्याची कल्पना मांडली. त्याच सुमारास धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने महानगरांचा विचार त्यांच्या सभोवतीच्या प्रदेशासह करावा असा अभिप्राय दिला, आणि त्यातून 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम जन्मास आला. 1970 मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या 95 गावांची जमीन नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठरली. 344 चौरस किलोमीटरांवर वीस लाख माणसांचे शहर वसवायचे, असा तो संकल्प होता. संकल्पात भव्यता होती आणि ती योजणारी माणसे थोर बुद्धीची होती, हे मी मनापासून मानतो. पण त्या 95 गावांत जी माणसे आधीच राहत होती, ती आगरी, कोळी, कराडी कुटुंबे, त्यांची शेते आणि मिठागरे गेल्यावर वीस वर्षांनी कोठे राहतील, हा अध्याय त्या योजनेत अपुरा राहिला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच शेतकरी प्राणाला मुकले. आणि त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली.

पुढे काय झाले ते या ग्रंथाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. गावांभोवतीची जमीन संपादित झाल्यामुळे गावठाणाला वाढण्यास शेजार उरला नाही, गावठाण विस्ताराची योजना वेळेवर झाली नाही, आणि घरांत माणसे तर वाढतच होती. तेव्हा लोकांनी रेषेच्या बाहेर, जी कालपर्यंत आपलीच होती त्या जमिनीवर, घरे बांधली. कागदोपत्री ती अनधिकृत ठरली. लोकांनी मात्र त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हटले, आणि हा शब्द इतका यथार्थ होता की पुढे सरकारी निर्णयांतही तोच आला. आजवर ती घरे नियमित करण्याचे निर्णय पुन्हा पुन्हा काढावे लागत आहेत. गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या 122 व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांना पूर्वीपासून होता. तो संपादनाच्या आधी, प्रत्येक गावाची एका पिढीची गरज मोजून, वापरला गेला असता तर अर्ध्या शतकाचा हा कलह उद्भवला नसता असे माझे स्पष्ट मत आहे.

शहर आले म्हणजे गावाचे काय होते, हे पाहण्यास पुण्याजवळचे एक उदाहरण नेहमी माझ्या मनात येते. हॅरल्ड मान यांनी 1917 साली पिंपळे सौदागर या लहानशा खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तेथील सरासरी धारणा 1771 मध्ये 40 एकर होती ती 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आली, हे दप्तरांवरून दाखवून दिले. शेताचे तुकडे कसे पडतात याचा तो अभ्यास. तुकडेबंदीचा कायदा 1947 मध्ये झाला त्याच्यामागे अशाच अभ्यासांची परंपरा होती. आज ते खेडे पिंपरी-चिंचवड शहरातल्या इमारतींत सापडत नाही. पनवेल तालुक्यातल्या किती गावांचा असा एकतरी अभ्यास, ती बदलण्यापूर्वी, आपण करून ठेवला?

हा प्रश्न विचारण्यास आज विशेष निकड आहे. 2013 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाच्या प्रभावाखालचे क्षेत्र ‘नैना’ या नावाने सिडकोकडे सोपवले गेले. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतली 124 गावे ‘कर्नाळा-साई-चिरनेर’ या नव्या नगरासाठी अधिसूचित होऊन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेली. एकाच जिल्ह्यावर आता महानगराची योजना, 1992 मध्ये मंजूर झालेली रायगडची प्रादेशिक योजना, सिडको, प्राधिकरण, पनवेल महानगरपालिका आणि नगरपरिषदा यांचे नकाशे एकमेकांवर पसरले आहेत. राज्यघटनेच्या 243 झेडडी या अनुच्छेदाने सबंध जिल्ह्याचा, शहरांचा आणि खेड्यांचा एकत्र विचार करून विकासाचा मसुदा करण्याचे काम जिल्हा नियोजन समितीवर सोपवले, तिच्यासाठी 1998 मध्ये राज्याचा कायदाही झाला. पण व्यवहारात ही समिती वर्षाच्या निधीची वाटणी करते आणि पंचवीस वर्षांचा विचार दुसरीकडे, बहुधा मुंबईत, होतो. ही स्थिती मला अत्यंत अनिष्ट वाटते. ज्या समितीत लोकांनी निवडलेली माणसे बसतात तिच्याकडे नकाशा नाही, आणि नकाशा ज्यांच्याकडे आहे त्यांना गावाने निवडलेले नाही.

पाण्याचेच पाहा. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या वसाहतींना जाते. खालापूर तालुक्यातले मोरबे धरण तर नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. शहराला पाणी लागते आणि ते कोठून तरी आणावेच लागते, हे मान्य. पण त्याच पेणच्या खारेपाटात उन्हाळा लागला की बायका टँकरची वाट पाहत बसतात. घरांची योजना करताना पाण्याचा वाटा आधी गावाच्या नावे लिहिला पाहिजे. घरे आधी आणि पाणी मागून, हा शिरस्ता मोडल्यावाचून कोणत्याही अनुमानाला अर्थ नाही.

आणि डोंगराचेही. जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहण येथे दरडी कोसळल्या. 22 जुलै 2021 रोजी त्याच तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, ठाकर कुटुंबांची ती उतारावरची वस्ती, मातीखाली गेली, आणि धोक्याच्या गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते. मधल्या काळात, 3 जून 2020 रोजी, निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूडकडची कौले आणि सुपारीच्या बागा एका दुपारीत उडवल्या. दरवेळी पुनर्वसनाची घोषणा झाली आणि दरवेळी जागा शोधण्यापासून आरंभ करावा लागला. दीर्घमुदतीच्या योजनेत सुरक्षित जमीन आधीच राखून ठेवलेली असती तर तळियेच्या माणसांना मरणानंतर जागा शोधावी लागली नसती. मला या साऱ्या ग्रंथात सर्वांत अधिक सांगायचे असेल तर ते हेच: प्रत्येक गावाला, विशेषतः प्रत्येक वाडी-पाड्याला, तीस वर्षांच्या वाढीपुरती, सखल पण पुरापासून मुक्त अशी राखीव जमीन आधी द्या, तिची मोजणी करा, भूमिहीनांचे भूखंड तिच्यात प्रथम पाडा; आणि त्यानंतर उरलेल्या नकाशावर बंदर, विमानतळ आणि नगर रंगवा. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरांतली जमीन निवासासाठी सुलभ करणारी दुरुस्ती संहितेत झाली आहे आणि ती स्वागतार्ह आहे. पण तिचा लाभ ज्याचे शेत हद्दीला लागून आहे त्याला मिळतो, ज्याला शेतच नाही त्याला मिळत नाही. भूमिहीनांसाठी गुरचरणातून, सरकारी पडीक जमिनीतून किंवा संपादनातून जागा काढल्यावाचून दुसरा मार्ग नाही.

पुढील प्रकरणांत हा विचार तालुकावार मांडला आहे. पनवेल, उरण आणि पेण यांना त्यात अधिक पाने मिळाली आहेत, आणि ते अपरिहार्य होते. वाचकांपैकी जे या जिल्ह्याचे असतील त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या गावच्या तलाठ्याकडे जाऊन गावनकाशा उलगडून पाहा, गावठाणाची रेषा कोठून जाते ती पायी फिरून पडताळा, तिच्या बाहेर आज किती घरे आहेत आणि आत किती बंद आहेत त्यांची मोजदाद करून ग्रामसभेच्या ठरावात ती नोंदवा. आणि योजनेचा मसुदा प्रसिद्ध होऊन हरकती व सूचना मागवल्या जातील तेव्हा मुदत संपण्यापूर्वी तो ठराव अर्जासोबत जोडून पोच घ्या.